एकाला सुई, एकाला फवारा

ज्या मुलाला फ्लूची लस नाकात फवारून दिली होती, त्याचा डावा दंड शनिवारी सकाळी सुजलेला आढळला. ज्या मुलीला फ्लूची लस डाव्या दंडात सुईने टोचली होती, तिच्या दंडावर सूज नव्हती. तिचे नाक मात्र वाहत होते आणि तिला एकामागून एक शिंका येत होत्या. मुलाच्या सुजलेल्या दंडावर जिराफाचे चित्र असलेली गोल चिकटपट्टी होती. दवाखान्यात अशी पट्टी सुई टोचलेल्या जागेवर लावतात. फवारा घेतलेल्या मुलाला ती देत नाहीत.

मुले जुळी होती आणि सहा वर्षांची होती. मुलगी अंगाने बारीक आणि लवकर पेट घेणारी, म्हणून तिला घरात काडी म्हणत. मुलगा गुबगुबीत आणि सावकाश, म्हणून तो गब्दू. त्यांचे वडील वजनकाटे तपासण्याच्या खात्यात होते. काट्यावर प्रमाण वजन ठेवायचे आणि काटा किती खोटे बोलतो ते सांगायचे, हे त्यांचे काम. आई पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात बसत असे. अनोळखी माणसांचा संताप शांतपणे ऐकून घेण्यात तिचा दिवस जाई. त्यामुळे घरी आल्यावर कोणाचे काही ऐकून घेण्याची तिची तयारी नसे.

वडिलांनी घरासाठी एक कायदा केला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. दोघांना सगळे सारखे मिळाले पाहिजे. खाऊ असेल तर एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी निवडायचा. जे सारखे करता येत नाही, ते दोघांनी आपसात मिटवायचे. आणि एकदा मिटलेली गोष्ट मोठ्यांच्या कानावर घालायची नाही; घालणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाणार नाही. हा कायदा लागू झाल्यापासून मुलांची एकही तक्रार त्यांच्यापर्यंत आली नव्हती. तक्रार येत नाही म्हणजे भांडण होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता आणि तो ते कचेरीत सहकाऱ्यांना ऐकवत असत. माणूस दिवसभर इतरांचे काटे तपासतो, तेव्हा स्वतःच्या निष्कर्षांवर वजन ठेवून पाहण्याची त्याला सवड उरत नसावी.

मागच्या हिवाळ्यात काडीला फ्लू झाला होता. तिची छाती मुळातच नाजूक; त्या आजारात तिला रुग्णालयात प्राणवायूची नळी लावावी लागली होती. त्या खोलीत पलंगाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या होत्या. त्या खुर्च्यांवर बसलेल्या आई-वडिलांना पुढे कधीही त्या दिवसांबद्दल बोलता आले नाही. यंदा लस द्यायची, यावर म्हणूनच दोघांचे एकमत होते. भांडण होते ते लस कोणती द्यायची यावर.

"सुई," वडील जेवताना म्हणाले. "दोघांनाही सुई. मोजलेली मात्रा, आत गेली, संपलं. फवाऱ्याचा काय भरवसा? पोरगं शिंकलं की लस बाहेर! भिंतीला लस द्यायची आहे का आपल्याला?"

"आणि गब्दूला धरणार कोण?" आईने विचारले. "मागच्या वेळी सुई बघून त्यानं सिस्टरचा अंगठा चावला. पडदा दांडीसकट खाली आला. तू तेव्हा काट्यांच्या परिषदेला गेला होतास. मी होते तिथे, पडद्याखाली."

"भीती हा शास्त्रीय मुद्दा नाही."

"चावा आहे ना पण?"

"हे बघ, मी आठवडाभर वाचलंय!"

"मी आठवडाभर सहन केलंय!"

मुले ताटात मान घालून जेवत होती. मुले जेवताना ऐकत नाहीत, अशी या घरात समजूत होती. तिला कसलाही आधार नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे दवाखान्यात गेले. वडिलांची आईही बरोबर होती, कारण मुलांना धीर द्यायला कोणीतरी न भांडणारे माणूस हवे, असे तिचे मत होते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मुलांना तपासले आणि दोन मिनिटांत निकाल दिला. काडीच्या छातीत त्या आठवड्यात थोडी घरघर होती, फवाऱ्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि घरघर असलेल्या मुलांना आपण तो देत नाही, तिला सुई. गब्दू ठणठणीत आहे. त्याला फवारा चालेल, आणि सगळ्यांचे अंगठे शाबूत राहतील.

"आणि तो शिंकला तर?" वडिलांनी विचारले.

"शिंकू दे. परत द्यावा लागत नाही. पुरेसा आत गेलेला असतो."

"पण मग दोघांना वेगवेगळं?"

"दोघं वेगवेगळी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

निर्णय योग्य होता. त्यात कोणाचाच विजय झालेला नसल्यामुळे तो दोघांनाही सहन झाला नाही. दवाखान्याच्या बोळात, मुलांचे हात हातात धरून, वडिलांचा आवाज चढला.

"एकाला सुई आणि एकाला नुसता फवारा? एकानं दुखणं सोसायचं आणि दुसऱ्यानं नाकात गुदगुल्या करून घ्यायच्या? हे चालणार नाही! आपल्या घरात असं चालत नाही!"

"हे आपलं घर नाही, दवाखाना आहे," आई म्हणाली. "आणि ओरडू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत! अन्याय तो अन्याय!"

"तिच्या छातीत घरघर आहे, त्याला तू अन्याय म्हणतोस?"

दोघांचे चालू असताना सिस्टर बाहेर आली. तिने आई-वडिलांकडे एकदा पाहिले आणि मुलांना आजीबरोबर आत नेले. थोड्या वेळाने तिघे बाहेर आली. मुलांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे स्वेटर होते. कोणाच्या कुठे काय लावले आहे हे कोणी पाहिले नाही. घरी जाताना गाडीत वडील समोर बघत होते, आई खिडकीबाहेर, आणि आजी देवाकडे. मागच्या सीटवर दोन्ही मुले एकमेकांकडे बघत होती.

शनिवारी सकाळी पहिला आवाज आजीचा आला.

"माझी इस्त्रीची बाटली कुठं गेली? पाणी मारायची बाटली? कोणी नेली? या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!"

त्यामुळे वडिलांना बिनइस्त्रीचा शर्ट घालावा लागला. चुरगळलेल्या शर्टाने त्यांच्या रागाची सुरुवात झाली, आणि त्याच रागाच्या भरात त्यांनी गब्दूचा स्वेटर काढायला घेतला. गब्दू ओरडला. बाही वर गेली. दंड लाल होता, सुजलेला होता आणि त्यावर जिराफ होता.

वडील काही क्षण त्या जिराफाकडे बघत राहिले. त्यांनी काडीला हाक मारली. काडी शिंकत आली. तिची बाही वर केली. दंड स्वच्छ.

"इकडे ये!" त्यांनी बायकोला हाक मारली. ती हाक शेजाऱ्यांनाही ऐकू गेली असावी. "बघ! बघ हे! अदलाबदल केली त्यांनी! याला सुई टोचली आणि हिला, हिला फवारा दिला! जिला द्यायचा नव्हता तिला!"

आई हातातला कप खाली ठेवायला विसरली. "नाही रे. असं कसं होईल?"

"नाक बघ तिचं! फवारा घेतल्यावर नाक वाहतं, मी वाचलंय. सुई घेतल्यावर दंड सुजतो, तेही वाचलंय. याचा दंड, तिचं नाक. आणखी काय पुरावा हवा?"

आईने काडीला जवळ ओढले आणि तिच्या पाठीला कान लावला. मागच्या हिवाळ्यापासून हे तिचे रोजचे काम होते. शिंकांमुळे तिला काहीच नीट ऐकू येईना. तिचा चेहरा बदलला. इथपर्यंत या घरात राग होता. आता त्याच्याखाली भीती आली, आणि भीती कबूल करण्यापेक्षा ओरडणे सोपे असल्यामुळे सगळेच ओरडू लागले.

"आई, तू आत होतीस ना?" वडिलांनी आजीला धारेवर धरले. "काय पाहिलंस तू?"

"काही नाही पाहिलं. मी डोळे मिटले होते."

"डोळे मिटले होते?"

"सुई बघवत नाही मला! तुझ्या वेळीसुद्धा मिटले होते. तेव्हा नाही बोललास काही!"

मग वडिलांनी मुलांची चौकशी केली. ती शब्दशः नोंदवण्यासारखी आहे.

"काडी, खरं सांग. तुझ्या नाकात फवारा मारला ना?"

काडीने गब्दूकडे पाहिले. गब्दूने फरशीकडे पाहिले.

"हो," काडी म्हणाली.

"दोन्ही नाकपुड्यांत?"

"हो. ह्या बाजूला जास्त."

"गब्दू, तुझ्या दंडाला दुखवलं ना?"

"हो."

"आणि ही पट्टी तुला नंतर लावली?"

"हो."

"ऐकलंस?" वडील बायकोकडे वळले. "दोघांना वेगवेगळं विचारलं, दोघांचं म्हणणं जुळतंय!"

दोन्ही साक्षीदार खरे बोलले होते. प्रत्येक प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवले होते, आणि मुलांनी ते फक्त उचलून परत दिले होते. हे कोणी केले, केव्हा केले आणि कुठे केले, हे तीन प्रश्न विचारायचे राहिले. काट्यावर आधी आपला अंगठा ठेवायचा आणि मग वजन वाचायचे, असा हा प्रकार होता. असे करणाऱ्या दुकानदारांना वडिलांनी आयुष्यभर दंड केला होता.

दवाखाना शनिवारी सकाळी लसींसाठीच उघडा असे. बसायची खोली मुलांनी आणि पालकांनी भरलेली होती. आई आणि आजी गब्दूला धरून मागून येत होत्या. वडील चुरगळलेल्या शर्टात, काडीला कडेवर घेऊन, दारातूनच गरजले.

"सिस्टर! तुम्ही माझ्या मुलांच्या लसी बदलल्यात!"

सिस्टर टेबलामागून उठली.

"काय म्हणालात?"

"मुलाला सुई, मुलीला फवारा. उलटं केलंत! हिला घरघर आहे, हिला फवारा द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काही झालं हिला तर? जबाबदार कोण?"

"अहो, फवाऱ्याच्या नळीला सुई नसते," सिस्टर म्हणाली. "ती मी दंडात कशी टोचणार? आणि सुई नाकात घालायला मी काय वेडी आहे?"

"नळ्या नाही, मुलं बदललीत तुम्ही!"

"एक मुलगा आहे, एक मुलगी आहे. एवढं कळतं मला! आणि ह्याला मी विसरेन?" तिने आपला अंगठा वर केला. "ह्याच्या दातांची खूण अजून आहे इथे. काल हा आत आला तेव्हा मी आधी हात मागे घेतले, मग नमस्कार केला!"

एव्हाना खोलीत हालचाल सुरू झाली होती. करड्या गळपट्ट्याचा एक माणूस आपल्या मुलाला पुढे ढकलत उठला.

"म्हणजे आमच्याला काय दिलंय तुम्ही? मागच्या आठवड्यात सुई दिली म्हणालात. नाक बघा त्याचं! वाहतंय!"

"त्याचं नाक मी त्याला ओळखते तेव्हापासून वाहतंय," सिस्टर म्हणाली.

हे खरे होते, पण त्या क्षणी कोणाला खरे नको होते. एका बाईंनी मुलीची बाही वर करून दोन्ही दंडांची तुलना सुरू केली. दुसऱ्या कोणीतरी आपल्या मुलाला खोकून दाखवायला सांगितले. त्याने उत्साहाने खोकून दाखवले, आणि मग शेजारच्या मुलांनीही. एका आजोबांनी आपल्याला सकाळपासून दंडात कळ येत असल्याचे जाहीर केले. त्यांना अजून कोणतीही लस दिलेली नव्हती. रांगेतली तीन-चार कुटुंबे कोट घालू लागली.

"आम्ही नाही देत आज," गळपट्टेवाला म्हणाला. "आधी तुमचं तुम्ही ठरवा, कोणाला काय देता ते!"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी कोट घालणाऱ्यांकडे पाहिले, खोकणाऱ्यांकडे पाहिले आणि मग वडिलांकडे पाहिले. त्यांचा आवाज चढला नाही. तो इतका खाली गेला की सगळ्यांना गप्प बसून ऐकावे लागले.

"आधी मूल द्या माझ्याकडे. मग ओरडा."

त्यांनी काडीला तिथेच टेबलावर बसवले आणि छातीवर तपासायची नळी ठेवली. पुढे ठेवली, मागे ठेवली, श्वास घ्यायला सांगितला, सोडायला सांगितला. आईने पिशवीचा बंद मुठीत घट्ट पिळला होता.

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कालच्यापेक्षा चांगली. घरघर नाही."

आईने बंद सोडला. तिने काडीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. वडिलांनी मात्र श्वास घेतला तो पुढच्या वाक्यासाठी.

"मग नाक?"

"थांबा." त्यांनी काडीच्या डाव्या दंडावर दिवा धरला. "ही बघा सुईची खूण. इथे. बारीक ठिपका. हिला सुईच दिलेली आहे."

मग त्यांनी गब्दूच्या दंडावरचा जिराफ हळूच सोलून काढला. खाली ठिपका नव्हता. दोन समांतर, लालभडक, बोथट रेघा होत्या आणि त्यांच्या मधली जागा फुगली होती.

"याला सुई दिलेली नाही," त्या म्हणाल्या.

"खूण बुजली असेल," वडील म्हणाले.

"हिची बुजली नाही आणि याची बुजली?"

"मग दोघांनाही सुई दिली असेल! आणि वर दोघांनाही फवारा!"

सिद्धांत कोसळला की काही माणसे तो सोडून देतात. काही माणसे त्याला आणखी एक मजला चढवतात.

"तू आता गप्प बस," आई म्हणाली.

ती आवाज न चढवता बोलली होती, पण वडील गप्प बसले. तिने खुर्ची ओढली, मुलांसमोर बसली, आणि तक्रार कक्षात रोज विचारते तोच प्रश्न विचारला.

"सुरुवातीपासून सांगा. काय झालं?"

"सांगायचं नसतं," काडी म्हणाली आणि शिंकली.

"का?"

"मिटलंय. मिटलेलं सांगायचं नसतं. बाबांचा नियम आहे."

खोकून दाखवणारी मुले खोकायची थांबली. आई खुर्चीत अर्धवट वळली आणि नवऱ्याकडे बघू लागली.

"नियम मागे घे."

"आत्ता? इथे?"

"आत्ता. इथे."

वडिलांनी घसा खाकरला. "ठीक आहे. आजच्यापुरता नियम स्थगित. बोला."

बांध फुटावा तशी काडी सुरू झाली. तिच्या पोटात शुक्रवार संध्याकाळपासून राग साचला होता.

"मला सुई! आणि त्याला नुसतं फुस्स! मला दुखलं, मी रडले नाही, आणि तो नुसता हसला! बाबाच म्हणाले ना, हे चालणार नाही! आपल्या घरात असं चालत नाही! म्हणून सकाळी आम्ही मिटवलं."

"कसं मिटवलं?"

"त्याला पण दंडात दुखवायचं. माझ्याएवढंच. जास्त नाही."

"कशानं?"

"वाळत घालायच्या चिमट्यानं."

डॉक्टरीणबाईंनी त्या दोन समांतर रेघांकडे पुन्हा एकदा पाहिले आणि मान हलवली.

"पण एवढं सुजेपर्यंत?" आईने विचारले.

"त्याला सांगता येईना ना!" काडीचा पारा आठवणीनेच चढला. "मी लावला चिमटा. मी विचारलं, माझ्याएवढं दुखतंय का? तर म्हणतो, माहीत नाही."

"मला कसं माहीत असणार?" गब्दू पहिल्यांदाच बोलला. त्याच्या आवाजात जुना, अनेकदा मांडून झालेला मुद्दा होता. "तुझं किती दुखलं ते मला दुखलं नव्हतं. म्हटलं तूच सांग."

"मला त्याचं दुखत नव्हतं," काडी आईला म्हणाली. "मग मी म्हटलं, अजून थोडा वेळ ठेवू."

"मग?"

"मग परत विचारलं. तो म्हणाला, अजून माहीत नाही."

दोन काट्यांची तुलना करायला तिसरे, प्रमाण वजन लागते. ते नसेल तर तुलना कधीच संपत नाही. खोलीत ही गोष्ट ज्या एका माणसाला व्यवसायाने ठाऊक होती, तो यावेळी आपल्या बुटांकडे बघत होता.

"आणि नाक?" आईने विचारले.

"ते मी," गब्दू म्हणाला. त्याच्या बोलण्यात सूड नव्हता. तो जबाबदारीने बोलत होता. "मला फवारा मिळाला होता. तिला मिळालाच नव्हता. मग ते पण सारखं नको का करायला? म्हणून मी आजीच्या बाटलीनं दिला. एकदा ह्या नाकपुडीत, एकदा त्या. सिस्टरनं दिला तसाच."

"माझी इस्त्रीची बाटली!" आजी किंचाळली.

"एकदाच दिलास?"

"नाही. ती शिंकली."

"मग?"

"मग परत दिला. बाबा म्हणाले होते ना, शिंकलं की लस बाहेर. परत दिला की परत शिंकायची. मग परत द्यायचा. खूप वेळ चाललं ते."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला. सिस्टरने तेवढेही केले नाही. ती उघडपणे हसत होती.

"आई, त्या बाटलीत काय असतं?" आईने सासूला विचारले. "नुसतं पाणीच ना?"

"पाणीच." आजी थोडी घुटमळली. "कपड्यांना वास यावा म्हणून अत्तराचे दोन-चार थेंब टाकते. तुम्हालाच आवडतो तो वास!"

"आणि पट्टी?"

"ती एकच होती," काडी म्हणाली. "कापून बघणार होतो. पण जिराफाची मान मधोमध येते. म्हणून रात्री माझ्याकडे आणि दिवसा त्याच्याकडे."

गळपट्टेवाल्याने कोटाची बटणे काढायला सुरुवात केली, पण हळूहळू, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र मावळले होते.

"हे बघा," त्या वडिलांना म्हणाल्या. "घरघर असलेल्या मुलीच्या नाकात अत्तराचं पाणी! नशीब, काही झालं नाही. तो तुमच्या घरातला प्रश्न. आता माझ्या दवाखान्यातला. यातली अर्धी माणसं तुमच्यामुळे घरी निघाली होती. उद्या यांच्यातलं एखादं मूल हिच्यासारखं नळी लावून पडलं, तर जबाबदार कोण, हे मी विचारायचं का तुम्हाला?"

वडील शर्टाची चुरगळलेली बाही सारखी करू लागले.

"तुम्ही स्वतः घेतलीत यंदाची लस?"

"वेळ नाही झाला."

"आठवडाभर वाचायला वेळ झाला?"

"माझा काय संबंध, मला वाटलं लहान मुलांना..."

"घरात नाजूक छातीची मुलगी आहे, आणि तुमचा काय संबंध! बसा. बाही वर करा. इथेच, सगळ्यांसमोर. जे पसरवलंत ते तुम्हीच निस्तरा."

वडील बसले. चुरगळलेली बाही आणखी चुरगळली. रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा त्यांच्या दंडावर खिळल्या. सिस्टरने सुई भरली, आणि ती टोचताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते कर्तव्यपूर्तीचेच होते असे म्हणता येणार नाही. आजीने डोळे मिटून घेतले.

"दुखलं?" काडीने जवळ येऊन विचारले.

"थोडं."

"माझ्याएवढं?"

वडील काही सांगणार होते. त्यांनी मुलाच्या दंडाकडे पाहिले आणि तोंड मिटले.

सिस्टरने त्यांच्या दंडावर पट्टी लावली. मोठ्या माणसांची, तपकिरी, बिनजिराफाची. रांग पुन्हा लागली. गळपट्टेवाला सगळ्यात पुढे होता. दारापर्यंत गेल्यावर वडील एकटेच परत फिरले आणि सिस्टरसमोर उभे राहिले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. ते एवढ्या रागाने म्हणाले की सिस्टरला ते आधी धमकीसारखे वाटले.

गाडीत मागच्या सीटवर बराच वेळ विचार चालला होता. शेवटी गब्दूने मान वर केली.

"आईनं पण घेतली ना लस?"

"ऑफिसात घेतली मागच्या आठवड्यात," आई म्हणाली. "सुईच. आणि आजीनं तिच्या डॉक्टरांकडे. तिनंही सुईच. का रे?"

"म्हणजे फवारा तुम्हा तिघांचा राहिलाय."

आजी घरी पोहोचली ती चप्पल न काढताच मागच्या गॅलरीत गेली. दोरीवरचे सगळे चिमटे तिने डब्यात भरले, बादलीमागे पडलेली इस्त्रीची बाटली उचलली, आणि दोन्ही वस्तू आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावले. नियम स्थगित झाला होता तो आजच्यापुरता, हे तिच्या एकटीच्या लक्षात होते.

दवाखान्याने लसी बदलल्या नव्हत्या आणि मुलेही बदलली नव्हती. मुलाचा दंड चिमट्याने सुजला होता. मुलीचे नाक अत्तराच्या पाण्याने वाहत होते. जिराफाची पट्टी दोघांच्या संमतीने या दंडावरून त्या दंडावर गेली होती. या सगळ्याचे कारण एकच होते: शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्याच्या बोळात एक माणूस दोन मुलांचे हात धरून ओरडला होता की हे चालणार नाही, आणि त्या मुलांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता.